मर म्हणजे झाड

नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या कोर्टाबाहेर मी टायपिंग करायची. राखीव जंगलातल्या झाडतोडीच्या केसचे कागद घेऊन एक सरकारी वकील माझ्याकडे येत. तोडलेल्या झाडांचे बुंधे ते वनरक्षकाला घेऊन स्वतः मोजत, त्यामुळे बुटांना कायम लाल माती असे.

एकदा ते कन्नडमधून मजकूर सांगत होते. झाडाला कन्नडमध्ये ‘मर’ म्हणतात. तो शब्द आला आणि मला हसू फुटलं. म्हटलं, “सर, आमच्या मराठीत मर म्हणजे मरून जा.”

चष्मा पुसत ते म्हणाले, “तोडणाऱ्यांना तुमचंच मराठी येतं वाटतं, अक्का.”

पुढे साक्षीदार फुटले, तरी त्या मोजणीवर ते केस जिंकले.

बस त्या जंगलाजवळून जाते तेव्हा अजून मी त्यांच्यासाठी हात जोडते. मग खिडकीतून झाडांना ‘मर’ म्हणते, अगदी शुद्ध कन्नडमध्ये.