हडळीच्या पायांत स्लिपर

मित्रहो, आज दुपारी घरी एकटाच एक जुना, स्वस्तातला भुताचा सिनेमा पाहत होतो. शंभर वर्षांपूर्वी मेलेली हडळ लोकांची मुंडकी उडवत येते. रक्त सरबतासारखं पातळ. आणि तिच्या पायांत निळी स्लिपर.

मी सवयीनं कान दिला. घरात कुणी हसलं नाही.

लग्न नवं होतं तेव्हा डोणगावला तंबूत असे सिनेमे यायचे. बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मध्ये कनात. एकदा भुताच्या मनगटावर घड्याळ दिसलं. कनातीपलीकडून माझी बायको ओरडली, "जाऊ द्या न त्याले, उशीर होऊन राह्यला वाटते!"

अख्खा तंबू हसला. माझ्या शेजारच्यानं विचारलं, "कोनाची बायको हाय बे ही?"

मी अंधारात अभिमानानं ताठ बसलो.

असे सिनेमे अर्धेच बनवलेले असतात. उरलेला अर्धा पाहणाऱ्यांनी करायचा असतो.

ही गेली त्याला दुसरं वर्ष चालू आहे. त्या स्लिपरवर ती काय म्हणाली असती, ते मला दुपारपासून सुचत नाही.

तुम्हाला सुचलं तर खाली लिहाल का? वऱ्हाडीतच लिहा.