मत सांगेल त्याला पुस्तक

गंगेकाठी, आमच्या दुर्गाघाटच्या बैठकीत पुस्तकं येतात आणि जातात. किस्से मात्र मागेच राहतात, आणि दर रविवारी त्यात एखादा नवा येऊन बसतो!

बैठक म्हणजे आम्ही चौघं. माई रिटायर्ड शिक्षिका, त्यांच्याच खोलीत आम्ही जमतो. बापूकाका घाटावर श्राद्धकर्म करतात. सुलभाताई नागपूरच्या, इथे बँकेत ऑफिसर. त्या सुट्टीवरून येताना नव्या मराठी कादंबऱ्या आणतात. आणि मी. नववीत शाळा सुटली, आता पूजेच्या सामानाच्या दुकानात बसतो.

कॉपी एकच असते. म्हणून सुलभाताई पहिला चॅप्टर मोठ्यानं वाचतात आणि मग माईंचा नियम लागू होतो: मत सांगेल त्याला पुस्तक आधी. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. त्यामुळे माझ्याकडे पुस्तक येतं ते सगळ्यांत शेवटी, काकांचं गंध आणि माईंची हळद लागून!

*

एका कादंबरीत केशवराव नावाचा एकटा म्हातारा होता. लेखकानं त्याला असं जिवंत केलं होतं, की गल्लीत दिसेल असं वाटायचं.

एका सकाळी बापूकाका अहिल्याबाई घाटावर पिंडदानाला बसले. गोत्र म्हणून झालं आणि पुढे नाव घेतलं केशवाचं! यजमान दचकला. "पंडितजी, पिताजी का नाम तो रामदुलार था!"

"अहो, असं कसं केलंत?" सुलभाताईंनी विचारलं.

काका ओशाळून म्हणाले, "घाटावर जाताना वाचलं ना, तो गेला म्हणून. पुढची सगळी पानं चाळली. त्याचं करणारं कोणीच नाही गं!"

"मग?"

"मग काय! रामदुलारजींचं रीतसर केलं आणि उठता उठता केशवरावांनाही पाणी दिलं."

कागदावरच्या माणसाला गंगेचं पाणी मिळालं! मला अजून त्या लेखकाचं नवल वाटतं.

*

आणखी एक कादंबरी, त्यात जवळजवळ काहीच घडत नाही. एक बाई दुधाजवळ उभी राहून आयुष्य आठवते, बस! पण काय लिहिलंय! पुस्तकातलं दूध शेवटपर्यंत उतू जात नाही. वाचता वाचता माईंचं मात्र गेलं!

*

हल्ली पुष्कळ कादंबऱ्या मध्येच संपतात. मला ते फार आवडतं. पुस्तक मिटलं तरी माणसं आत चालतच असतात. बापूकाका मात्र चिडतात.

"संकल्प सोडला आणि हा लेखक आसनावरून उठून गेला? मी अशी पूजा केली तर लोक घाटावर उभं करतील का मला?"

*

माईंनी जन्मभर हिंदी शाळेत शिकवलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कधी कधी हिंदी शिरते. एका कादंबरीचं शेवटचं वाक्य होतं, 'त्या दिवशी तिनं संसार सोडला.' माई ढसाढसा रडल्या. "एवढी गुणी पोर, आणि मेली गं!"

सुलभाताईंना हसू आवरेना. "अहो माई, मेली नाही! नवऱ्याचं घर सोडून गेली ती. तुमच्या हिंदीतला संसार म्हणजे जग, तो नाही हा!"

माईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी दोन्ही एकच होतं, सुलभा."

सुलभाताईंचं हसू तिथेच थांबलं.

*

मग सुलभाताईंची नागपूरला ट्रान्सफर झाली. त्यांचा शेवटचा रविवार. त्यांनी नवीन कादंबरीचा पहिला चॅप्टर वाचला. एक म्हातारा बाप आंब्यांची पेटी घेऊन मुलीच्या शहरात येतो. बिल्डिंगखाली उभा राहतो, पण कितवा मजला ते काही आठवत नाही. तिथेच चॅप्टर संपला.

"आज जो बोलेल त्याला पुस्तक कायमचं," सुलभाताई म्हणाल्या. "नाहीतर ते माझ्याबरोबर नागपूरला."

मला ते पुस्तक हवंच होतं. काकांनी कोपर मारलं. "बोल की रे, विनू! तोंडात काय पान आहे?"

मी जमिनीकडे बघत सुरू झालो. म्हणालो, तो बाप चुकीच्या दाराची बेल वाजवतो. दार उघडते एक अनोळखी बाई. तो तिलाच मुलगी समजतो. ती काही बोलत नाही, पाणी देते. तो खाली बसून तिच्यासाठी आंबा कापायला घेतो...

वर बघितलं तर सगळे माझ्याकडेच बघत होते. सुलभाताईंनी पूर्ण पुस्तक आधीच वाचलेलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "विनू, हे पुस्तकात नाहीये रे."

माझे कान तापले. मी उठायलाच निघालो होतो, तेवढ्यात माईंनी माझा हात धरला.

"नसू दे पुस्तकात! त्या बाईनं आंबा खाल्ला का, ते सांग!"