फिफ्टीन की फिफ्टी

दोघी बहिणी नर्स. थोरली मराठीतून शिकलेली, कामाला वाघीण; पण परदेशातल्या रुग्णालयासाठी केलेला तिचा अर्ज इंग्रजीच्या पहिल्याच चाळणीत गळला. धाकटीकडे मात्र प्राचार्यांच्या सहीचा कागद होता : सर्व शिक्षण इंग्रजी माध्यमातून. त्यावर तिची भाषेची परीक्षा माफ झाली आणि नोकरी लागली.

पण वर्गात बाई शिकवायच्या मराठीतूनच. इंग्रजी फक्त पुस्तकात आणि उत्तरपत्रिकेत.

"ताई, मला पकडतील गं," निघताना ती म्हणाली.

"कागद खोटा नाही. आणि पेशंटची नाडी काय इंग्रजीत चालते?" ताई हसली. धाकटीला हसू फुटेना.

तिथे वॉर्डात तिला सगळ्यात धास्ती टेबलावरच्या फोनची. माणूस समोर असला की ओठ बघून अंदाज यायचा. फोन वाजला की ती बेडपॅन घेऊन सटकायची.

तिसऱ्या आठवड्यात इन्चार्ज सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकली आणि फोन थांबेचना. धाकटीने उचलला. डॉक्टर भरभर बोलत होते : चार नंबरच्या आजोबांची शुगर वाढलीय, इन्सुलिन द्या, फिफ्टीन युनिट. की फिफ्टी?

तिने परत विचारलं. तोच आवाज, जरा चढलेला. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते खेकसले, "इंग्रजी येतं ना तुम्हाला?"

नुसतं 'ओके' म्हटलं असतं तर सुटका होती. पण पन्नास दिले तर आजोबा उठणार नव्हते.

"वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो?"

डॉक्टर ओरडले, "वन-फाइव्ह!" फोन आदळला.

दुपारी इन्चार्जने बोलावलं. डॉक्टरांनी तक्रार केली होती. न विचारताच धाकटीने कागदाचं, वर्गाचं, सगळं ओकून टाकलं.

इन्चार्जने ऐकून घेतलं. "विचारलंस ते बरोबर केलंस, तसं मी त्यांना सांगितलंय. पण फोनपासून पळतेस, ते मी रोज बघते. उद्यापासून इथला प्रत्येक फोन तू घ्यायचास."

दुसऱ्या दिवशी फोन अकरा वेळा वाजला. अकराही वेळा तिने आधी बेडपॅनकडे पाहिलं, आणि अकराही फोन घेतले.

"मग, गेली का भीती?" संध्याकाळी फोनवर ताईने विचारलं.

"छे गं. उलट दोन वेळा तर मी घाबरून हॅलोऐवजी नमस्कारच म्हणाले."