मेन लास्त्रीची मधली दोरी

“आधी कापडाला विचारा, तू अंगावर कुठं होतंस. मग पाण्यात घाला.”

मेन लास्त्री हे इतक्या वेळा म्हणायची, की पेनेस्तानान गावातली पोरं कुंपणापलीकडून तिची नक्कल करत पळून जायची. लास्त्री ही तिची लेक, लग्न होऊन दूर सिंगराजाला गेलेली. मेन म्हणजे आई; लेकीच्या नावानं आईला हाक मारायची तिथली रीत. त्यामुळे तिचं स्वतःचं नाव फक्त देवळातल्या कामापुरतं उरलं होतं.

गावातल्या विदियारीला आज तिची आठवण येते, ती आधी वासानं येते. मेन लास्त्रीकडून धुऊन आलेल्या कपड्यांना केवड्याच्या पानांचा, चाफ्याचा आणि बाटलीतल्या सुवासिक पाण्याचा असा एक मिसळलेला वास असायचा. देवळात दाटीनं बसलेल्या बायकांमध्ये कुणाचा झगा तिच्या हातचा आहे, हे डोळे मिटून सांगता यायचं. आता त्या अंगणात पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहिल्यात. पण विदियारी तिथून जाताना अजूनही पावलं सावकाश टाकते.

त्या अंगणात तेव्हा दोन दोऱ्या होत्या. वरची उंच. तिच्यावर डोक्याला बांधायचे रुमाल, देवळाचे झगे, सदरे. खालची गुडघ्याएवढी. तिच्यावर लुंग्या आणि आतले कपडे. कमरेखालचं कापड कुणाच्या डोक्यावर येता कामा नये, म्हणून ती दोरी मुद्दाम खाली. तिच्याखालून फक्त कोंबड्या जायच्या. कुणी हसलंच तर मेन लास्त्री म्हणायची, “कोंबडीला तरी कुठं देवळात जायचंय!”

विदियारीनं भातखाचरांच्या कडेला, गावात येणाऱ्या पाहुण्यांसाठी योगाची शाळा काढली, ती याच सुमारास. बांबूचे खांब, गवताचं छप्पर, भिंती नाहीत. शिकवायला चुलतभाऊ विर्या, ज्याला ती ब्ली म्हणायची, म्हणजे दादा. तिथली हवा एवढी दमट, की दोन आसनं झाली की तळहात ओले होत आणि मॅटवरून सटकत. मॅटवर अंथरायला विदियारीनं पहिल्यांदा आंघोळीचे जाडजूड टॉवेल आणले. ते पायाखाली गोळा व्हायचे. विर्या म्हणाला, “हे काय, कुत्र्याचं अंथरूण आणलंस?”

मग ती देनपासार शहरात गेली. दुकानात तळहात ओला करून एकेका टॉवेलवर घासत बसली. दुकानदारीण कंटाळली, तरी ही उठेना. शेवटी जो हाताला धरून राहिला तो घेतला. पातळ, वरून सांबराच्या कातड्यासारखा, खालून रबराचे बारीक ठिपके, म्हणजे मॅटला चिकटून राहील. कोरडा असताना तो जरा निसटायचा, ओला झाला की घट्ट धरायचा. म्हणून वर्गाआधी विदियारी प्रत्येक टॉवेलवर, हात आणि पाय येतात तिथं, पाण्याचा हलका शिपका मारायची.

धुवायला अर्थातच मेन लास्त्री. गावात घरोघर धुण्याची यंत्रं आली होती आणि तिच्याकडे येणारी गाठोडी कमी होत चालली होती. सिंगराजाहून लेकीचा धोशा चालू होता, “आई, आता पुरे. इकडे ये.” मेन लास्त्रीला जायचं नव्हतं. तिचा झरा इथं, तिचं देऊळ इथं. योगशाळेचं धुणं होतं तोवर तिला नाही म्हणायला कारण होतं.

“हे अंगावर कुठं असतं?” पहिलं गाठोडं उघडून तिनं विचारलं.

“अंगावर नाही. पायाखाली.”

टॉवेल खालच्या दोरीवर गेले. आणि सगळ्या धुण्याला मिळायचं तसं त्यांनाही शेवटच्या पाण्यात सुवासिक पाणी मिळालं, उलट चार थेंब जास्तच. पाहुण्यांच्या कापडाला घामाचा वास राहिला तर गावाची अब्रू जाते, असं तिचं म्हणणं.

टॉवेल सुगंधी होऊन येत. पाहुण्या बायका त्यात नाक खुपसून हसत. पण जसजसे धुतले जात, तसतसे ते सटकू लागले. एक दिवस विर्या टॉवेलवर हात टेकून सगळ्यांना आसन दाखवत असताना त्याचे दोन्ही हात पुढं गेले आणि हनुवटी फाडकन जमिनीवर आपटली.

“बास,” हनुवटी धरून तो म्हणाला. “उद्यापासून टॉवेल उबुदच्या यंत्रवाल्याकडे.”

“ब्ली, मग मेन लास्त्रीचं काय?”

“तिची लेक बोलावतेय ना? मी काय पाहुण्यांचे दात पाडू?”

विदियारीनं एक दिवस मागून घेतला. तिच्या घरी एक टॉवेल राहून गेला होता, साध्या साबणानं तिनंच धुतलेला. तो आणि अंगणातला एक, असे दोन्ही तिनं मेन लास्त्रीच्या ओट्यावर शेजारी अंथरले.

“मेन, यांच्यावर पाणी शिंपड.”

घरच्या टॉवेलनं पाणी तिथल्या तिथं पिऊन टाकलं. सुगंधी टॉवेलवर मात्र थेंब अळवाच्या पानावर बसावेत तसे गोल बसून राहिले.

मेन लास्त्रीनं लुंगी खोचली आणि म्हातारी सरळ त्या टॉवेलवर ओणवी झाली. हात सुळकन पुढं गेले. विदियारी धरायला धावली.

“सोड गं, कळू दे मला.” ती उठून बसली. तळवा नाकाशी नेला. “वासाचं पाणी. कापडाच्या तोंडात लोणी भरवलं मी, आता ते पाणी कसं पिईल?” तिनं टॉवेलची कड उचलून हुंगली. “बिनवासाचं कापड देऊ लोकांना? मग माझं काय राहिलं त्यात?”

विदियारीनं सगळे टॉवेल टोपलीत भरले. टोपली झऱ्यावर पोचवली. मेन लास्त्रीनं शिरका, म्हणजे ताडीचं आंबवलेलं पाणी, घालून टॉवेल भिजवले, गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळले आणि दर खेपेला वर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. थेंब आत शिरू लागले तेव्हा थांबली. लव चिकटेल म्हणून दुसरं कापड त्यांच्यात येऊ दिलं नाही. कडक उन्हात रबर तडकतं, हे विदियारीनं सांगितल्यावर तिनं त्यांच्यासाठी दोऱ्यांचं सावलीतलं टोक धरलं.

खालच्या दोरीवर टाकता टाकता तिनं सहज विचारलं, “यावर नुसतं उभंच राहतात ना?”

“कधी कधी डोक्यावरही उभे राहतात.”

“डोकं? पायाच्या जागी?” मेन लास्त्रीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “आणि तू मला आज सांगतेस! एवढे दिवस लोकांची डोकी मी गुडघ्याखाली वाळवली?”

तिनं दोरी आणली आणि दोन्हींच्या मधोमध, छातीएवढ्या उंचीवर तिसरी बांधली. पाय टेकतात म्हणून वर नाही, डोकं टेकतं म्हणून खाली नाही. गावातल्या बायका ती दोरी बघायला आल्या आणि आपसांत वाद घालत परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाला ती स्वतः टॉवेल घेऊन आली आणि खांबाला टेकून बसली. विर्या तिच्याकडे न बघता ओणवा झाला. हात रोवले गेले. त्यानं पाय मागं नेले, अंगाचा सगळा भार पुढं टाकला, पुन्हा टाकला. हात हलले नाहीत. उठल्यावर त्यानं टॉवेल नाकाशी नेला.

“मेन, कशाचाच वास नाही गं याला.”

“वासानं तुझी हनुवटी धरली नव्हती, बाबा.”

पाहुण्यांना काय झालं ते कळलं नाही, पण विर्या हसला म्हणून तेही हसले. वर्ग संपल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं ओले टॉवेल गोळा करून तिच्यापुढं ठेवले. यंत्रवाल्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मेन लास्त्रीनं गाठोडं बांधलं. डोक्यावर नाही, कमरेवर घेतलं. “लास्त्रीचा फोन आला तर सांगा,” ती म्हणाली, “आई धुण्याला गेलीय.”

खाचरांमधल्या अरुंद बांधावरून ती निघाली. समोरून बदकं आली तेव्हा एका अंगाला उभी राहिली, ती गेल्यावर पुन्हा चालू लागली. एकदा तिनं मोकळा तळवा नाकाशी नेला आणि लुंगीला पुसला. विर्या छपराखाली हनुवटी चोळत उभा होता. विदियारी पायरीवर उभी राहून, बांध वळून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.