मामाची मांडी

आमच्याकडे बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. माझ्या लेकीचं पहिलं जावळ मात्र दवाखान्यात निघालं, तेही अर्धंच. तेव्हा ती पालथीही पडत नव्हती. डोक्यात पाणी साठत होतं, ते पोटात उतरवायला डॉक्टरांनी कानामागून कातडीखाली बारीक नळी घातली. त्यासाठी उजवीकडचे केस साफ केले. त्या गडबडीत मामाची आठवण कुणाला होणार?

घरी आल्या आल्या माझ्या आईनं विचारलं, "जावळ कुठाय?"

"टाकलं असंल त्यांनी."

"टाकलं? आन् मामा कुठं हुता?"

मी बीएस्सी झालेला माणूस. स्टोव्ह पुढ्यात ओढून मी आईला दाब, झडप, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "समदं खरं. पर मामा न्हवता की."

काही आठवडे बरे गेले. मग पोर दूध ओकायला लागली. आधी किरकिरायची, पुढं किरकिरही थांबली, नुसती झोपून राहायची. मी म्हटलं, दात येत असतील. शेजारणीनं दृष्ट काढली. एका सकाळी आईनं तेल घालायला टाळूवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

"आरं, ही तटतटून फुगलीया."

रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, नळी तुंबलीय, लगेच बदलायला लागेल. माझी बायको भिंतीला टेकून उभी होती. आई तेवढी बोलली, "ह्या खेपंला तरी मामाला बोलवा."

तिला विज्ञान सांगायला मी तोंड उघडलं खरं, पण पुढच्या मिनिटाला मी एसटीडी बूथमध्ये होतो. मेहुणा कागलला. त्याच्याकडं फोन नव्हता, शेजारच्या दुकानात होता. दुकानदाराला ओरडून सांगितलं, "त्येला म्हणावं, हाय तसा ये!"

तो हाय तसाच आला. उसाला पाणी पाजताना निघालेला, गुडघ्यापर्यंत चिखल. नर्सनं दारातच अडवलं, "पावणं, आदी पाय धुवा!"

डॉक्टर म्हणाले, "केस काढायचेच आहेत. मांडीवर काढा, नाहीतर टेबलावर. पण थिएटर तयार झालं की मी थांबणार नाही."

तो वॉर्डातच फरशीवर मांडी घालून बसला. पोर त्या मांडीत निपचित. आईनं केस झेलायला पदर पसरला.

"पावणं, मांडी हलवू नका," दवाखान्यातला न्हावी म्हणाला.

"म्या कुठं हलवतोय? तीच हलतीया."

पोरीला आत नेलं, तरी हा गडी थिएटरच्या दाराशी पुन्हा तशीच मांडी घालून बसला. मी म्हटलं, "उठ की आता, चहा घे."

"पोरगी भाईर येऊंदे दाजी. मग मोडतो मांडी."

ती बाहेर आली, संध्याकाळी भुकेनं टाहो फोडून रडली. ते रडणं ऐकून आम्ही चौघं वेड्यासारखे हसत होतो.

पुढं ती शाळेत गेली, भराभर उंच झाली आणि नळी तोकडी पडली. पुन्हा उलट्या, पुन्हा डोकेदुखी. ह्या खेपेला माझा दातांचा सिद्धांत कुणी विचारला नाही. आई आता राहिली नव्हती. न्हावी वस्तरा घेऊन आला, तशी लेकीनं वेणी मुठीत धरली.

"मामा येईस्तवर हात लावायचा न्हाय."

मामा आला. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. ती त्याच्या मांडीवर बसली, तर पाय पार फरशीवर पसरलेले.

"पावणं, ही मावंना की," न्हावी म्हणाला.

"मावती. तू वस्तरा चालीव."

पदर धरायला आई नव्हती, बायकोनं धरला.

तिला आत नेल्यावर मेहुणा दाराशी मांडी घालून बसला. मी थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या, मग इकडंतिकडं बघत त्याच्या शेजारी मांडी घातली. तो जरा सरकला.

दार उघडलं तेव्हा दोघांच्याही पायांना मुंग्या आलेल्या. उठता येईना. स्ट्रेचरवरून लेकीनं अर्धवट डोळे उघडले, खाली आमच्याकडं बघितलं.

"उठा की आता," ती म्हणाली.