डिमरचा पंखा आणि तिसऱ्या अंकातली शांतता

आमच्या रत्नागिरीच्या हौशी नाटकमंडळीत माझी बायको नायिका आणि मी विजेचा माणूस. पोटासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, पण माझा खरा रुबाब विंगेत. त्या नाटकात तिसऱ्या अंकात बोटीवर नोकरीला गेलेल्या मुलाची वाईट बातमी येते. आई एक शब्दही न बोलता खुर्चीत बसते आणि उजेड हळूहळू उतरत जातो. त्या शांततेत बायकोने जीव ओतला होता. रंगीत तालमीत नेमका तिथेच आमच्या डिमरचा पंखा घूंऽऽऽ करू लागला.

"माझा मुलगा गेलाय," ती खुर्चीतूनच कडाडली, "आणि मागे पिठाची गिरण लावलीय!"

डिमर म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी पेटी. पंखा काढला तर ती तापून बंद पडणार आणि सगळा रंगमंच काळोखात. आमचा दिवेवाला दिवसा मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात असतो. त्याने लगेच उपाय सुचवला.

"बर्फाची लादी ठेवूया की बाजूला."

"आणि पाणी विजेत गेलं म्हणजे?"

"मग उजेडच उजेड!"

मी लॅपटॉप उघडला. पंख्यावर छापलेला वारा हा उघड्यावरचा वारा असतो. समोर अडथळा आला की तो घटतो. पेटीचं उलटं: जितका वारा ढकलाल, तितकी ती जास्त अडवते. दोघांच्या रेषा एकाच आलेखावर काढल्या की त्या जिथे छेदतात, तेवढाच वारा आपल्या पदरात. पंख्याची रेषा मिळवायला मी पुठ्ठ्याच्या खोक्याला पंखा लावला, दुसऱ्या तोंडावर मच्छरदाणीचे एकावर एक थर चढवले, तिरक्या नळीतल्या पाण्यावरून दाब बघितला, आणि बाहेर येणाऱ्या वाऱ्याने कचऱ्याची पिशवी किती वेळात फुगते ते घड्याळावर मोजलं.

"अहो, माणसं पाठांतर करतायत आणि तुम्ही पिशव्या फुगवताय?"

"अगं, तुझ्या शांततेचं गणित चाललंय."

"करा, करा. चुकलं तर खुर्चीत तुम्हालाच बसवीन. लुगडं नेसवून."

गणितात चोर सापडला. पेटीच्या पाठीला बारीक भोकांचा पत्रा होता आणि बिचारा पंखा सगळा जोर त्याच्यावर डोकं आपटण्यात घालवत होता. लॅपटॉपवर मी पत्रा काढून मोठ्या भोकांची जाळी बसवली आणि छोट्या, पिसाटासारख्या फिरणाऱ्या पंख्याऐवजी मोठा, सावकाश फिरणारा दिला. रेषा अगदी हव्या तिथे छेदल्या. मग पेटीत खरोखर तसंच केलं आणि सगळे दिवे लावून ठेवले. पेटी जेमतेम कोमट. आवाज नाहीच.

प्रयोगाच्या दिवशी बातमी आली, ती खुर्चीत बसली, नाट्यगृह चिडीचूप. आणि एकाएकी तिने मान वळवून विंगेकडे पाहिलं. डोळ्यांत अशी भीती, की माझ्याच अंगावर काटा आला. तालमीत हे कधी नव्हतं! मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला. उजेड उतरला आणि टाळ्या थांबेनात.

आत येताच तिने मला गाठलं. "पंखा चालू होता?"

"होता की!"

"ऐकूच येईना हो मला! वाटलं, बंद पडला, आता पेटी जाणार. प्राण कंठाशी आले माझे."

तेवढ्यात एक बाई डोळे पुसत आत आल्या. "काय ती नजर! कुठून आणलीत हो?"

बायकोने पापण्या खाली झुकवल्या. "आईचं काळीज," ती नायिकेच्या आवाजात म्हणाली, आणि पदराआडून माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला.