भरदुपारचे दिवे

भरदुपारी एक जुनी मोटार दोन्ही दिवे लावून गेली. "अहो काका, दिवे चालू राहिलेत!" कुणीतरी ओरडलं. मी नाही ओरडले.

असल्या मोटारीचा डायनॅमो बॅटरी भरली तरी थांबत नाही. लांबच्या प्रवासात दिवे जाळून जादा वीज घालवावी लागते, नाहीतर बॅटरी उकळते. लहानपणी एका प्रवासात आमच्या मोटारीचे असे दिवे मी उगाच जळताहेत म्हणून बंद केले. "बॅटरी फोडतेस?" म्हणत वडिलांनी अशी थोबाडीत मारली की दात हलला.

माझं रक्त पुसताना आई पुटपुटली, "गाडीचं उकळणं बरं कळतं यांना."

दुसरी थोबाडीत तिला बसली. मग वडिलांनी हात लांबवून दिवे पुन्हा लावले.